जिन्यातला सिनेमा

मंडळी, चाळकऱ्यांनो, गिरणीतल्या माझ्या बायांनो, सगळ्यांना नमस्कार. अध्यक्ष म्हणाले, पार्वतीबाई, दोन शब्द बोला. मी रीळखात्यात जन्म काढलेली बाई. यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. इथे तुम्ही एवढे गप्प बसलात, की तोंड उघडायचीच भीती वाटते. पण आज बोलले नाही तर मला अन्न गोड लागायचं नाही.

आपले दत्तूभावजी गेले. माझ्या शेजारच्या खोलीतले. रविवारी मॅटिनी बघायची आणि सोमवारी संध्याकाळी गॅलरीत बसून सगळं सांगायचं. काय पाहिलं, काय वाचलं, इराण्याच्या रेडिओवर काय ऐकलं. मी थेटराची पायरी चढलेली नाही, पण कुठलाही सिनेमा विचारा! "वहिनी, ती नटी रडते झकास. पण भाकरी थापायला बसली आणि घोटाळा झाला. त्या हातांना पीठ कधी लागलंच नाही हो!" एकदा लायब्ररीतली कादंबरी परत करून आले आणि म्हणाले, "लिहिणारा कधी चाळीत राहिलेला नाही. त्याच्या चाळीत नळाला दिवसभर पाणी!" आम्ही हसून हसून बेजार.

आता त्या दिवसाचं सांगते. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. सोमवारी कर्फ्यू लागला, नाक्यावर गोळीबार झाला. माझा विठू वीस वर्षांचा. एकुलता एक. त्याचे वडील गेले तेव्हा हा पाळण्यात. तो आणि मजल्यावरची सात-आठ पोरं खाली निघाली. मी दारात आडवी झाले. त्याने मला पाटासारखं उचलून बाजूला ठेवलं.

आमच्या मजल्याला जिना एकच. वरच्या पायरीवर दत्तूभावजी बसलेले. म्हणाले, "जा रे, मीही येतो. तेवढा कालचा सिनेमा ऐका. पाच मिनिटं."

कसली पाच मिनिटं! नायक गिरणीतला, थेट आपल्यातला. त्याची आई अशी भांडकुदळ, की पोरं माझ्याकडे बघून हसायला लागली. विठू आधी उभा होता, मग कठड्याला टेकला, मग खाली बसला. मी नळाशी कळशी लावली आणि डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, काल रविवारी तर हरताळ होता! थेटरं बंद होती! मग भावजींनी पाहिलं काय?

ऐकताय ना? पोरांनी स्वतःच फिरून फिरून तो हरताळ पाळायला लावला होता. तरी एकाच्याही लक्षात आलं नाही. मी भावजींकडे बघितलं. थंडीचे दिवस, आणि सदरा घामाने चिंब. माणूस एकेक वाक्य जागच्या जागी घडवत होता. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच हात जोडले, आणि पुढे सांगायला लागले. दोन दिवस सांगितलं. दोन दिवस!

कर्फ्यू उठला आणि कळलं, पलीकडच्या चाळीतलं एक पोर गेलं. आमची पोरं लाजेने काळीठिक्कर पडली. विठू भावजींच्या तोंडावर म्हणाला, "तुमच्या सिनेमापायी आम्ही घरात लपलो. गद्दार तुम्ही." हे कुणाला? प्रत्येक मोर्चात पुढे चालणाऱ्या माणसाला! त्यानंतर विठू त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. सोमवारची बैठकही बंद पडली.

मी त्यांना म्हटलं, मी खरं सांगते, की सिनेमा नव्हताच, पोरांना वाचवायला तुम्ही तो रचलात. ते म्हणाले, "नको वहिनी. त्याला कळलं तर पुढच्या खेपेला तो कुणाचंच ऐकायचा नाही. राग माझ्यावर राहू दे. पोर जिवंत आहे ना?" आणि मी गप्प बसले. माझं पोर घरात होतं ना, म्हणून गप्प बसले. चार वर्षं ह्या माणसाने गद्दार हा शब्द माझ्यासाठी अंगावर वागवला. एवढं मोठं काळीज कुठून आणतात हो माणसं?

विठू, तू तिकडे खांबाआड उभा आहेस. मान खाली घालू नकोस, बाबा. तुझी चूक नाही, माझी आहे. ये पुढे.

भावजी, तुम्हाला दिलेला शब्द आज मोडला. माफ करा.

आता सगळे उभे राहू या. माझा विठू भावजींच्या फोटोला हार घालतोय. तोवर कुणी काही बोलू नका.