आईचा साफ केलेला आवाज

वहिनी: ...आणि पुन्हा ऐका, वन्सं, हा फोन काय बोलतोय ते. "रांजण आधी ऐकावा, मग पाहावा. रुसला असेल तर त्याला छेडू नये, झाकून ठेवावा." रुसला म्हणे! कुठल्या कंपनीतल्या कुठल्या साहेबाला माहीत असतं हो, निळीचा रांजण रुसतो म्हणून?

नणंद: जरा लांब धर. वाचता येतं मला.

वहिनी: वाचायचं काय त्यात? सासूबाईंचे शब्द आहेत, जसेच्या तसे. पाकिटातली निळी पावडर घ्या आणि तिच्याबरोबर हा सल्लागार फुकट! गिऱ्हाईक म्हणून आलेली बाई मला कौतुकानं दाखवत होती. "तुमची विद्या आता फोनवरपण मिळते हं." माझे हात कोपरापर्यंत निळे, आणि मी खुळ्यासारखी तिच्या तोंडाकडे बघत उभी.

नणंद: नीळ काय आपल्याच आळीत करतात? दुसरीकडचेही असंच म्हणत असतील.

वहिनी: म्हणेनात का. पण झाडाच्या साली कधी घालायच्या, चुना कुठे थांबवायचा, वास बदलला की आधी काय करायचं, सगळं त्याच क्रमानं? नीळ आंबवायचे रांजण धरणाऱ्या आम्ही मोजक्या बायका. आज वर सभा भरलीय ती काय उगाच? सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. हिलाच शिकवलं होतं, हिनंच विकलं.

नणंद: असं कोण म्हणालं?

वहिनी: तोंडावर कोण म्हणेल? मी जिन्यात दिसले की बोलणं बंद होतं, एवढं पुरे. बाहेर सांगेल तिचा रांजण काढून घ्यायचा, हा नियम पोरासोरांनाही पाठ आहे. आज माझा उतरवतील. मग मी काय करू? तुमच्या दादांचे शर्ट इस्त्री करत बसू?

नणंद: सिद्ध काही झालेलं नाही अजून.

वहिनी: म्हणून तर तुमच्याकडे धावत आले. सासूबाई जाण्याआधी आपल्या नीळवाल्या बायकांच्या सोसायटीनं त्यांना रेकॉर्ड केलं, ते सगळं या खोलीतल्या मशीनमध्ये. मशीनला इंटरनेट नाही, ते तुम्हीच भांडून ठरवून घेतलंत. भर सभेत उभं राहून म्हणालात, "एक प्राध्यापक आपले नमुने घेऊन गेला तो गेलाच. आता आपला आवाज आपल्याच खोलीत राहील, आपल्याला विचारल्याशिवाय कुठेही जाणार नाही." केवढ्या टाळ्या पडल्या! मीसुद्धा वाजवल्या.

नणंद: वाजवल्यास. सगळ्यांच्या शेवटी.

वहिनी: अगं बाई, तेही मोजून ठेवलंय!

नणंद: ठेवणारच. माझा धंदाच तो, ठेवायचा. मशीन मी चालवायचं, किल्ली मी सांभाळायची, आणि ऐकायची परवानगी तुला. आई माझी, आणि आवाज तुझा.

वहिनी: नियम मी केला का? ज्यांचे हात रांजणात त्यांनीच ऐकायचं. आणि रांजण जातो सुनेकडे, कारण लेक घर सोडून जाते.

नणंद: मी कुठे गेले, वहिनी? लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. भिंतीपलीकडे झोपते तुझ्या. तू बाहेरून आलीस आणि थेट आईशेजारी जाऊन बसलीस. मी खिडकीतून बघायचे. दोघी वाकलेल्या, डोक्याला डोकं लागलेलं, आई हळू आवाजात तुला काहीतरी सांगतेय. मी जवळ आले की गप्प. मला काय म्हणायची? "जेवलीस का? दार लाव." झालं. माझ्या वाट्याची आई तेवढीच.

वहिनी: म्हणजे जळत होतात माझ्यावर.

नणंद: होते नाही. अजून जळते.

वहिनी: वन्सं, इकडे बघा. स्क्रीनकडे नको, माझ्याकडे बघा. हे बाहेर तुम्ही काढलंत का?

(नणंद मशीन बंद करते.)

नणंद: रेकॉर्डिंगच्या प्रती नीट आहेत का ते तपासत होते. आवाज येतोय का, एवढं बघायची मुभा आहे मला. एका ठिकाणी तू पाणी आणायला उठलीस आणि रेकॉर्डर चालूच राहिला. ढवळण्याच्या खळखळीत आई एकटीच काहीतरी पुटपुटली. त्यात "चिमणी" ऐकू आलं.

वहिनी: तुमचं लाडाचं नाव.

नणंद: पुढचं काही कळेना. किती वेळा लावलं! मग एक साइट सापडली, खरखर काढून आवाज साफ करून देणारी. फुकट. पेनड्राइव्हवर घेतलं, घरी नेलं आणि चढवलं. साफ होऊन आलं, शब्द न् शब्द कळला.

वहिनी: तेवढाच तुकडा ना?

नणंद: तेवढा कापता आला असता.

वहिनी: मग?

नणंद: अख्खं चढवलं. अटी वाचल्या होत्या मी. तुम्ही द्याल ते आम्ही वापरू, आमच्या यंत्रांना शिकवू, इतरांना देऊ. सगळं नीट वाचलं, आणि मनात म्हटलं, गेलं तर जाऊ दे. वहिनीचंच जाईल. माझं काय आहे त्यात?

वहिनी: माझं एकटीचं? अख्ख्या आळीचं होतं ते! माझ्या सासूच्या सासूचं, अजून आली नाही त्या सुनेचं!

नणंद: तेव्हा मला फक्त तू दिसत होतीस.

वहिनी: आणि आता माझ्यावर खापर फुटतंय तर तुमच्या तोंडाला कुलूप?

नणंद: बरं वाटत होतं.

वहिनी: काय?

नणंद: तुझा रांजण गेला की आपण दोघी सारख्या झालो असतो. बरं वाटत होतं, वहिनी. खोटं कशाला बोलू?

वहिनी: लाज वाटू दे गं जरा! ...बघा, तोंडातून अगंतुगं निघालं. तुम्हाला वाटतं, मी त्या अंगणात लाडू खात बसले होते? माझ्या हातची नीळ झक्क उतरली की सासूबाई काय म्हणायच्या, ऐका. "चिमणीला कान आहे. ती नुसतं ऐकून सांगेल, तुला हात घालून बघावं लागतं." दरवेळी! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या. मेहनत माझी आणि नाव तुमचं.

नणंद: हे कधी बोलली नाहीस तू मला.

वहिनी: का बोलू? मी काय वेडी आहे?

अध्यक्षबाई: दोघी इथे आहात होय? वर सगळे ताटकळलेत. सूनबाई, तुझा रांजण उतरवायला बायका निघाल्या होत्या, मी अध्यक्ष म्हणून थोपवून धरलंय. काय असेल ते आत्ताच बोल.

वहिनी: मी बाहेर काही दिलेलं नाही, मावशी. याहून जास्त मला बोलायचं नाही.

अध्यक्षबाई: असं भागणार नाही, बाई. कंपनीला नोटीस द्यायची तर वकीलबाई पहिलं तेच विचारते, तुमच्याकडून गेलं कसं? आम्ही आपले एकमेकांची तोंडं बघतो.

नणंद: माझ्याकडून गेलं. कधी चढवलं, कुठे चढवलं, सगळं माझ्या खात्यात दिसतं. ते पुराव्याला द्या.

अध्यक्षबाई: तू? नियम करणारी तू?

नणंद: मीच.

अध्यक्षबाई: परत मिळेल ते?

नणंद: काढून टाकायला लावता येईल. यंत्र जे शिकलंय ते विसरेल की नाही, कोणीच सांगू शकत नाही.

अध्यक्षबाई: हं. सूनबाई, तुझा रांजण तुझ्याकडेच. आणि तू, किल्ली इथे ठेव. उद्यापासून या खोलीत पाऊल नाही. तो साफ केलेला आवाज फोनमध्ये आहे?

नणंद: आहे.

अध्यक्षबाई: आमच्यासमोर पूस. सगळा.

नणंद: मावशी, त्यानंतर माझ्याकडे तिचं काहीच राहणार नाही.

अध्यक्षबाई: ठाऊक आहे मला. पूस.

वहिनी: थांबा. पुसण्याआधी तो तुकडा एकदा लावा, मी पाण्याला गेले होते तेव्हाचा. त्यात काही विद्या नाही, मावशी. चालेल ना?

अध्यक्षबाई: बोलणं हिच्याबद्दलचं आहे. हिला विचार.

वहिनी: वन्सं, एकदाच. माझ्या पाठीमागे काय म्हणाल्या त्या तुमच्याबद्दल? मी रोज शेजारी बसत होते हो. मला कळायला नको?

नणंद: नाही, वहिनी. हे देणार नाही... पुसलं, मावशी.