ड्युटीवरचा परीक्षार्थी

...आता मला सांगा, ज्या माणसाचा पेपर चालू हाय, त्याच माणसानं उठून घंटा द्यायला जायचं, ही कुठली रीत? बरं, एकदा न्हाई. अकरा ते दोन पेपर, दर अर्ध्या तासाला घंटा, वर शेवटची दहा मिनिटं राहिली म्हणून आणखी एक. बाकीच्यांचं बरं होतं, घंटा ऐकली की जरा घाबरायचे, भराभर लिहायचे. मला घाबरायलासुद्धा सवड न्हाई, कारण ती वाजवायला मीच व्हरांड्यात उभा.

थांबा, नीट सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल, हा माणूस आल्या आल्या तक्रारच घेऊन बसला.

मी धोंडिराम. वडूजच्या अलीकडं एक कॉलेज हाय, तिथं शिपाई. कॉलेजचं नाव विचारू नका, नोकरी अजून दहा वर्षं बाकी हाय. माझी शाळा सातवी. पुढचं हायस्कूल आठ मैलांवर, आन आमचा बा म्हणाला, 'आमाला दाराबाहेर बसवायचे, तू आत बसून सातवी झालास, लय झालं.' पण वाचायचा नाद काय सुटला न्हाई. लायब्ररी झाडायची ती एका हातानं, दुसऱ्या हातात पुस्तक. आन रोजची डायरी लिहितो, पंचवीस वर्षं झाली, एक दिवस चुकला न्हाई. म्हणून तुमाला सांगतो ते तारीखवार सांगतो, मनाचं न्हाई.

तर ब्याण्णव साली आमच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं सेंटर निघालं. रविवारचे वर्ग. दहावी नसली तरी चालतंय, पूर्वतयारीची परीक्षा द्या आन बी.ए.ला बसा. आमचे हेडक्लार्क लालासाहेब, बागायतदार घरातला माणूस, मनानं वाईट न्हाई, चहा पाजायला कधी हात आखडला न्हाई, फक्त तो चहा आणायला मलाच जावं लागतंय. ते म्हणाले, 'धोंडिराम, फॉर्म भर गड्या. आता शिक्षण सगळ्यांना खुलं झालंय. तुला कोण अडवतंय?'

मला भरून आलं हो. मागनं कळलं, सेंटर टिकायला चाळीस फॉर्म लागत होते आन एकोणचाळीस झाले होते. असू दे, म्हणलं, चाळिसावा तर चाळिसावा.

आन माझा बी एक हिशेब होता की. लायब्ररीतले क्लार्क शहाण्णवच्या मे अखेरीला रिटायर होणार होते. त्या जागेवर शिपायातनं माणूस वर घेता येत होता, फक्त तो ग्रॅज्युएट पाहिजे. म्हणजे तवर मी बी.ए. झालो तर ती खुर्ची माझी. बावीस वर्षं मी ती खुर्ची पुसली होती, बसलो कधीच न्हाई. कुणी बघत नसतानासुद्धा न्हाई... डायरीत लिहिलंय तसं.

झालं, वर्ग सुरू. रविवारी मी खोली उघडायची, झाडायची, फळा पुसायचा, हात धुवायचे आन पहिल्या बाकावर बसायचं. नाथाजीसर राज्यशास्त्र शिकवायचे. आवाज असा की गावाबाहेर ऐकू जावा. 'समता म्हणजे सर्वांना समान संधी. लिहून घ्या. समान... धोंडिराम, खडू.' उठलो, आणला, बसलो. 'हं, तर समान संधी याचा अर्थ असा की जन्मावरून कोणालाही... धोंडिराम, तो पंखा जरा कमी कर.' उठलो, केला, बसलो. आमच्या वर्गात राजेश्वरीवैनी होत्या, मोठ्या घरच्या सूनबाई, लग्नापायी शिक्षण मोडलेलं. त्या एकदा म्हणाल्या, 'सर, धोंडिरामभाऊंना बसू द्या की, पंखा मी करते.' तर सर म्हणाले, 'छे छे, तुम्ही कशाला उठता?' आन समतेचा अर्थ पुढं चालू.

तरी मी पास होत गेलो. तीन वर्षांचा सगळा डोंगर चढलो, आन शेवटचा एक पेपर राहिला, लोकप्रशासन. तारीख बारा मे शहाण्णव, रविवार. मी महिना आधी रजेचा अर्ज दिला. लालासाहेबांनी चष्मा काढला. 'रजा? अरं, दुसरा शिपाई धुळा, तो रविवारी मेंढरं घेऊन बाहेर, तिसरा कुणी न्हाई. तू आला न्हाईस तर सेंटर उघडणार कोण? सेंटर उघडलं न्हाई तर पेपर होणार कुठं? मग तुझंच वर्ष बुडणार का न्हाई? तुझ्याच भल्याचं सांगतोय. ड्युटीवर ये आन पेपर लिही. तुला कोण अडवतंय?'

आता ह्याला उत्तर हाय का तुमच्याकडं?

म्हणून बारा तारखेला सकाळी साडेनऊला मस्टरवर सही केली, कुलपं काढली, बाकांवर नंबर टाकले, माठ भरला, अकराची घंटा दिली आन खाकी कपड्यातच पळत येऊन बाकावर बसलो. पहिला प्रश्न काय असावा? 'बढतीची तत्त्वे स्पष्ट करा.' वा रं पठ्ठ्या, म्हणलं, हे तर तोंडपाठ. दोन ओळी लिहिल्या, 'धोंडिराम, पाणी.' चार ओळी, 'धोंडिराम, पुरवण्या.' साडेअकरा, घंटा. परत आलो तर सुपरवायझर नाथाजीसर दारात. 'खिसे दाखव.' म्हणलं, सर, घंटा द्यायला गेलतो, तुमीच धाडलं. 'नियम आहे. परीक्षार्थी बाहेर जाऊन आला की झडती.' म्हणजे जाताना मी शिपाई आन येताना परीक्षार्थी. प्रत्येक घंटेला एक झडती. खिशात एक तंबाखूची पुडी, चार वेळा उलगडून बघितली त्यांनी.

आन एक वाजून पाच मिनिटांनी सांगलीकडनं आलेली जीप फाटकात. भरारी पथक. सफारीतले एक साहेब आत आले, सगळ्यांवरनं नजर फिरवली आन माझ्यापाशी थांबले. खाकी कपडे, बाकावर किल्ल्यांचा जुडगा.

'कुणाचा पेपर लिहितोयस?'

'माझा.'

'तुझा?'

'व्हय साहेब.'

'ह्या किल्ल्या कसल्या?'

'सगळ्याच्या.'

'प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची?'

'ती बी हाय की त्यातच.'

खोटं बोलायची सवय न्हाई, तिथं मार खाल्ला. मी ओळखपत्र काढलं. त्यावर फोटो माझाच, पण खाकीतला. दुसरा कुठला असणार, आमचा फोटो काढतंय कोण? साहेबांनी लालासाहेबांना बोलावलं, मस्टर मागवलं. 'ह्याची सही आहे. हा ड्युटीवर असेल तर परीक्षार्थी नाही, डमी आहे. आणि परीक्षार्थी असेल तर कपाटाची किल्ली परीक्षार्थ्याकडे कशी? मी सेंटर बंद करायचा रिपोर्ट देतो. बोला, हा कोण आहे?'

लालासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. इतक्या वर्षांत एवढं सरळ ते माझ्याकडं कधी बघितले नव्हते. मग म्हणाले, 'आमचा शिपाई हाय साहेब.'

राजेश्वरीवैनी उभ्या राहिल्या, 'साहेब, चार वर्षं आमच्या वर्गात आहेत ते.' तर साहेब म्हणतात, 'बाई, तुमचा वेळ जातोय, लिहा.'

माझा पेपर उचलला. डमीची केस करणार होते; लालासाहेबांनी हात जोडून मिटवली. माझ्या नंबरापुढं शेरा मारला, गैरहजर. ज्यानं सेंटर उघडलं, पाणी पाजलं, घंटा दिली, तो गैरहजर. बाहेर येऊन लालासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला, 'वाचवला तुला. पुढच्या वर्षी बस की, तुला कोण अडवतंय?' आन मी दीडची घंटा दिली, दहा मिनिटांची दिली, दोनची दिली. वेळेवर दिली. बाकीच्यांचा काय गुन्हा?

जूनमध्ये लायब्ररीच्या जागेवर आटपाडीकडचा एक बी.ए. झालेला तरुण बसला. कुणाचा तरी भाचा, बिचारा, खुर्ची डुगडुगती म्हणून मलाच पाचर मारायला लावली. पुढच्या वर्षी मी रजा मागितली, लगेच मिळाली. आता रजा द्यायला कुणाची हरकत असणार? पेपर लिहिला. पास झालो, सेकंड क्लास.

आता अठ्ठ्याण्णव. परवा पोस्टानं पदव्या आल्या. लालासाहेबांनी गठ्ठा पुढं सरकवला, मान वर न करता. 'धोंडिराम, ही नऊ सर्टिफिकिटं ज्याची त्याला घरी नेऊन दे. सह्या घे. घेणाऱ्याची एक, पोच करणाऱ्याची एक.' वहीत नावं नसतात, नंबर असतात. सायकलवर आठ घरं केली. नववं घर माझं. दारात माझी बायको बायडाबाई तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'कुणाचं हाय हो?' म्हणलं, 'हितं एक बी.ए. राहतो, त्याचं.' हात पुसून तिनं ते दोन्ही हातांत धरलं, उलटं धरलं, पण लय वेळ धरलं. मी वहीत दोन्ही रकान्यांत सही केली.

सकाळी लालासाहेबांनी वही तपासली. नवव्या नंबरावर बोट ठेवलं.

'धोंडिराम, ह्या दोन्ही सह्या एकाच हाताच्या हायत. त्या माणसाच्या घरी गेलाच न्हाईस, हितंच बसून सही ठोकलीस, व्हय का न्हाई?'

म्हणलं, 'चुकलं साहेब. परत न्हाई होणार.'