रेणूचा बाप शाळेतच होता

या बाळांनो, पुढे या! अगदी माझ्या पायाशी बसलात तरी चालेल. मोठ्यांनो, जरा सरका, आजचं आख्यान पोरांचं आहे. मृदंगबुवा, हात थांबू द्या थोडा.

आता डोळे मिटा. मनात एक शाळा आणा. दोन खोल्या, पुढं मैदान, मैदानात खो-खोचे दोन खांब. दिसली? त्या शाळेत तुम्ही शिकता. तुमचे गुरुजी तेच, मुख्याध्यापक तेच, खो-खो शिकवणारे तेच — आणि संध्याकाळी घरी ताटावर शेजारी बसणारे वडील? तेही तेच! कोण रे हसलं? अभ्यास केला नाही तर पळणार कुठं, हाच विचार आला ना मनात?

मंडळी, विषय हसण्यावारी नेऊ नका. एका माणसाच्या अंगावर चार जणांचं काम आलं, चारही कामं चार दिशांना ओढू लागली, तर त्यानं कुणाचं ऐकावं? आणि आपण न्याय करतोय की नुसतं आपलं नाव जपतोय, हे त्यानं ओळखावं कसं?

ऐका! शेरेवाडीच्या शाळेत कारंडे गुरुजी होते — मुख्याध्यापकही तेच, खो-खो शिकवणारेही तेच. माणूस सरळ. शाळेचा खडूसुद्धा घरी नेणार नाही! त्यांची मुलगी रेणू सातवीत, त्यांच्याच वर्गात. आणि खो-खोत? वारा! रांगेतून उठली की समोरचीला पळायला मैदान पुरायचं नाही.

तालुक्याच्या सामन्यांसाठी संघ निवडायचा होता. आदल्या संध्याकाळी गुरुजी पारावरून चालले होते. पारावर कोण बसतं, तुम्हाला ठाऊकच आहे! त्यातला एक म्हणाला, "काय गुरुजी, यंदा संघ घरातूनच निघणार म्हणायचा!" बाकीचे हसले. गुरुजीही हसले. पण ते वाक्य चपलेत खडा शिरावा तसं घरापर्यंत बरोबर आलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर नावं वाचली. एकेक मुलगी उठून पुढं येत होती. रेणू उठायच्या बेतात बसली होती — गुडघा वर, हात मातीत टेकलेला. आणि शेवटचं नाव आलं, "चंपा बंडगर!"

रेणूनं हात झाडले. रडली नाही. बाजूला जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

गुरुजींना वाटलं, जिंकलो! आता कोण बोट दाखवेल? रात्री जेवताना पोरगी मान खाली घालून भाकरी मोडत होती. गुरुजी म्हणाले, "रेणू, लोक बोलतात गं. तुला समजायला हवं."

ती म्हणाली, "हो." एवढंच! मंडळी, लेकरू भांडलं तर समजावता येतं. 'हो' म्हणालं, तर काय करणार?

सकाळी चंपा शाळेच्या दारात उभी. मेंढपाळाची पोर, बोलायला धीट. "गुरुजी, मला ती जागा नको."

"का गं? तुला मिळाली ना?"

"मिळाली कुठं? रेणूला काढलं, म्हणून जागा उरली. उरलेलं दिलंत मला!" पोरीचे डोळे भरून आले. "ती तुमची म्हणून काढलीत. आमची म्हणून ठेवा की!"

गुरुजी चिडले. "निर्णय मुख्याध्यापकाचा आहे. जा वर्गात!"

दुसऱ्या वर्गाच्या साळुंखेबाई हे ऐकत होत्या. वयानं मोठ्या, बोलायला कमी. त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक विचारू? हाच अन्याय चंपावर झाला असता, तर काय झालं असतं?"

"तिचा बाप आला असता शाळेत. भांडला असता माझ्याशी."

"आणि रेणूचा बाप?"

गुरुजी वर्गाकडे वळले.

बाई हळूच म्हणाल्या, "रेणूचा बाप शाळेतच होता, गुरुजी. तो पोरीसाठी उठलाच नाही."

विठ्ठल, विठ्ठल! काय झालं असेल त्या माणसाचं? त्याला वाटत होतं, आपण लेकीची माया मारली, म्हणजे मोठा त्याग केला. पण माया मारून ठेवली कुणाच्या पायाशी? मुलींच्या? शाळेच्या? नाही हो — पारावरच्या चार तोंडांच्या! संघाशी बेइमानी झाली, चंपाचा अपमान झाला, लेक मुकी झाली. चारही कामं बिघडली, आणि राहिलं काय? 'गुरुजी निःपक्षपाती' एवढं नाव!

त्या दुपारी त्यांनी अख्खी शाळा मैदानावर बोलावली. सगळ्यांदेखत म्हणाले, "मी चुकलो. लोकांच्या बोलण्याला भ्यालो. रेणू, चंपा, मला माफ करा. रेणू, ये, तुझी जागा घे."

सगळी पोरं ओरडणार, तेवढ्यात रेणू म्हणाली, "नको."

"अगं, का?"

"तुम्ही काढलंत, तुम्हीच घातलंत. मग मी खेळले कुठं?" ती तिथंच थांबली नाही. "निवड परत घ्या. सगळ्यांची. आणि बघायला साळुंखेबाई राहू देत. तुम्ही नको."

म्हणजे काय सांगितलं पोरीनं? चार कामं पेलत नसतील, तर एक खाली ठेवा — ज्याच्या हाती ते शोभेल, त्याच्या हाती द्या! गुरुजींनी गळ्यातली शिट्टी काढली आणि बाईंना दिली.

मंडळी, तुम्ही कुणी सासू आहात आणि आईही. कुणी सरपंच आहात आणि भाऊही. तुमच्या गळ्यात किती शिट्ट्या आहेत? हात लावून बघा! त्यातली एक काढून द्यायची वेळ आली आणि तुम्ही ती लोकलाजेपायी धरून ठेवलीत, असं कधी झालं? उत्तर मला देऊ नका. त्या गाभाऱ्यातल्याला द्या.

आणि बाळांनो, रेणूला जागा मिळाली का, हे मी सांगणार नाही. तिनं पुढं काय केलं, ते सांगतो. ती चंपाचा हात धरून दोन खांबांच्या मधल्या रांगेत गेली. चंपाचं तोंड एकीकडे, रेणूचं दुसरीकडे. बापाकडे पाठ आली. तिनं वळून पाहिलं नाही. हात मातीत टेकला, गुडघा वर घेतला — आणि ती 'खो'ची वाट बघत बसली.