पूर्ण बाही

त्वचेच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर मास्तर आपली जुनी खाज सांभाळत बसले होते. समोरच्या बाकावर एक आई, तिची सहा-सात वर्षांची लेक आणि शेजारी एक अनोळखी आजी. लेकीचा डावा हात मांडीवर निपचित पडलेला, लालबुंद, खांद्यापर्यंत फोड आलेला. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, असं मास्तर वर्गात शिकवत. इथे वर्ग नव्हता.

"अगं बाई, उन्हानं एवढं भाजेपर्यंत लेकरू रडलं कसं नाही?"

"जन्मताना खांद्याच्या नसा दुखावल्या, आजी. त्या हाताला चटका कळतच नाही तिला."

"मग उन्हात झाकायचा की गं!"

"झाकते ना. डॉक्टरांनीच बजावलंय. पूर्ण बाहीचे चार फ्रॉक शिवलेत."

"आणि तरी भाजला?"

"आमचं नशीब, दुसरं काय!"

"आजी, मी तेव्हा बिनबाहीचा घातला होता."

"कुठे गं ठकूताई?"

"तलावावर. दिवसभर पाण्यात खेळलो. तिथे आमच्या ओळखीचं कुणीच नव्हतं."

"ठके, गप्प बस."

"मग पूर्ण बाही कधी घालतेस?"

"पाहुणे आले की. आणि लग्नात. रात्रीच्या जेवणालासुद्धा."

"रात्री कुठलं आलंय ऊन?"

"ऊन नसतं. आत्या असते."

आजींना एकदम खोकला आला. आईनं मान वर केली, तर मास्तर त्या हाताकडेच टक लावून बघत होते. तिनं खांद्यावरची ओढणी काढली आणि अलगद त्या हातावर पसरली.

लेकीनं वळून बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"आई, कोण आलं?"