ओटियेनोची दुसरी फाइल

व्हिसाचं काही असलं तर मला नाही, ओटियेनोला विचारा. हा आमच्या ऑफिसातला, केनियाचा. आम्हा दोघांना मीटिंगसाठी माल्टाला जायचं होतं. त्याला व्हिसा लागणार. मी सिंगापूरचा पीआर, म्हणजे तिथला कायमचा रहिवासी, मला कशाला लागतोय! पंधरा दिवस त्याला धीर दिला, व्हिसा सेंटरलाही सोबत गेलो. "पासपोर्ट आण," म्हणाला, म्हणून नेला.

काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, "तुमचा अर्ज?"

"मी पीआर आहे."

"पासपोर्ट भारताचा ना? मग व्हिसा लागतो. पुढची अपॉइंटमेंट महिन्याने."

म्हणजे मीटिंग बुडाली! तेवढ्यात ओटियेनोने देवासारखी दुसरी फाइल काढली. माझ्या नावाची. फॉर्म भरलेला, अपॉइंटमेंट त्याच्या पाठोपाठची.

"अरे, आधी सांगायचंस ना!"

"तू इतक्या मनापासून धीर देत होतास," तो म्हणाला, "मला मध्ये बोलवेना."