शेअर फोल्डरमधला बायोडेटा

गिरगावातल्या बसस्टॉपवर आनंदीबाईंच्या पुढे एकाच ऑफिसातल्या दोघी उभ्या होत्या. बसचा पत्ता नव्हता, तेव्हा बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

"गुणवंती, ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडल्यापासून माझा लग्नाचा बायोडेटा कुणीतरी उघडून वाचतंय."

"शेअर फोल्डरमध्ये कशाला ठेवलास, कालिंदी?"

"प्रिंटर एकच, तोही साहेबांच्या केबिनमध्ये. मग प्रिंट काढायला कुठे ठेवू? आता माझी रास चहावाल्यालासुद्धा पाठ झालीय."

"तो पलीकडच्या टेबलावरचा चिंतामणी असणार. भोचक मेला!"

"तुला खात्री आहे?"

"दुसरं कोण? साहेबांना वेळ कुठाय? सोड गं. उद्या डब्यात तुझ्यासाठी वेगळी भाजी आणते."

"का? रोज तुझ्या आईच्या हातचे बोंबील खाते की मी."

"हो, पण आता कशाला उगाच तुझ्यासमोर..."

"आता म्हणजे?"

"म्हणजे... मुलाकडचे कडक असतील ना. म्हणून सोडलेस ना मासे?"

"सोडले. कालच सोडले, गुणवंती. पण ते फक्त त्या बायोडेटात."

बस आली. पुढच्या दोघी जागच्या हलेनात, आणि मागे आनंदीबाईंनीही आपली बस जाऊ दिली.