बाळाच्या कानातलं नाव

हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून तुमच्यातच ठेवा. मागच्या महिन्यात हर्सूलला दादाच्या बाळाचं बारसं झालं. आत्या मीच, म्हणजे बाळाच्या कानात नाव मीच सांगायचं. दादा-वहिनीनं विहान ठरवलं होतं.

आई म्हणाली, "दगडू ठेवा. पहिलं लेकरू गेलं की पूर्वी दुसऱ्याचं असंच नाव ठेवायचे. दगडाला कोण उचलून नेतंय?"

वहिनी हसली. "आई, आता अख्ख्या शाळेत एक तरी दगडू सापडेल का?"

बायका जमल्या तेव्हा वहिनीनं मला हळूच स्वयंपाकघरात नेलं.

"पूनम, कानात आधी दगडू म्हण. मग विहान."

"पण तूच तर हसलीस ना?"

"सगळ्यांसमोर हसले." ती बाळाचं टोपरं उगीच नीट करत होती. "पहिल्याचं नाव लई सुंदर होतं गं. मीच शोधलं होतं."

बाहेर येऊन वहिनीनं बाळाला पाळण्यात ठेवलं. मी पाळण्यावर वाकले. बायका माझ्या पाठीत धपाटे घालत कुर्रर्र करत होत्या, त्या गोंधळात कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं. मी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि आधी...

थांबा, वहिनी हाक मारतेय. बाळ उठलं वाटतं.